रात्रपाळीचा भात आणि मायक्रोवेव्ह: हे यंत्र नेमकं काय तापवतं?

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटर गेलं की बुटीबोरी लागतं. एमआयडीसीमुळे वाढलेल्या या गावात बऱ्याच घरांचं घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालतं. दुसरी पाळी संपवून माणूस घरी पोचतो तेव्हा बाकीचे झोपलेले असतात, ओट्यावर वरण-भात झाकून ठेवलेला असतो आणि मे महिन्यात रात्री अकरालाही स्वयंपाकघराची भिंत हाताला गरम लागते. अशा घरात मायक्रोवेव्ह ओव्हन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. गॅस न पेटवता, भांड्यांचा आवाज न करता दोन मिनिटांत ताट गरम होतं, एवढ्यासाठी तो घेतला जातो.

मात्र याच चित्रात दोन गोष्टी चुकू शकतात. ओव्हनचा प्लग कुठल्या बोर्डात खोचला आहे, ही पहिली. आणि तो भात ओट्यावर किती तासांपासून आहे, ही दुसरी. मायक्रोवेव्ह काय करतो आणि काय करत नाही हे एकदा कळलं की या दोन्हींची उत्तरं आपोआप मिळतात.

आधी भिंतीतला प्लग

दुकानात ग्राहक विचारतो ती क्षमता आणि मीटरवर पडणारा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोक्यावर ७०० किंवा ८०० वॅट लिहिलेलं असतं, ती अन्नाला मिळणारी शक्ती. तेवढी देण्यासाठी ओव्हन विजेच्या तारेतून साधारण १,१०० ते १,३०० वॅट खेचतो. उरलेली वीज यंत्र तापण्यात जाते. कन्व्हेक्शन प्रकारच्या ओव्हनमध्ये वेगळी हीटिंग कॉइल असते आणि तो २,००० वॅटच्या पुढे जाऊ शकतो. २३० व्होल्टला १,२०० वॅट म्हणजे सव्वापाच अँपिअर, आणि २,२०० वॅट म्हणजे साडेनऊ अँपिअर.

घरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, मोठा १६ अँपिअरचा. म्हणूनच बहुतेक ओव्हनला जाड पिनांचा मोठा प्लग येतो. भाड्याच्या खोल्यांमध्ये मोठा सॉकेट बहुधा फक्त गीझरपाशी असतो. मग मोठ्या प्लगला लहान करणारा अडॅप्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन चालवला जातो. दोन-चार दिवस काही होत नाही. मग बोर्ड कोमट लागतो, पिनांपाशी प्लास्टिक पिवळं पडतं, जळका वास येतो. ओव्हनमध्ये बिघाड नसतो. बारीक तारेतून आणि ढिल्या पिनेतून जास्त प्रवाह जातो म्हणून तिथे उष्णता तयार होते. ओट्याजवळ १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि त्याला जाड तार ओढून घेणं हा खर्च ओव्हनच्या किमतीतच धरायला हवा.

प्लगची तिसरी, लांब आणि जाड पिन अर्थिंगची. ओव्हनचं सगळं शरीर लोखंडी पत्र्याचं आहे आणि आत काही हजार व्होल्टचं सर्किट आहे. बिघाड होऊन वीज पत्र्यावर उतरली तर ती जमिनीत नेण्याची वाट म्हणजे ही पिन. अनेक जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या मागे तारच जोडलेली नसते. तार असली तरी ती जिथे पुरली आहे ती जमीन ओली लागते. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. म्हणून जाणते वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला सांगतात. त्यात अंधश्रद्धा काही नाही. मेन बोर्डात आरसीसीबी नावाचा ब्रेकर असेल तर आणखी चांगलं. वीज अंगातून किंवा पत्र्यातून गळू लागताच तो पुरवठा तोडतो.

लाईन गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालवायचा विचार सोडून द्यावा. पंखे आणि दिव्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही.

ठेवायचा कुठे?

ओव्हनच्या आत एक पंखा सतत यंत्र थंड करत असतो आणि गरम हवा मागून, बाजूने किंवा वरून बाहेर टाकतो. त्यामुळे मागे आणि बाजूंना साधारण १० सेंटिमीटर, वर २० ते ३० सेंटिमीटर जागा मोकळी हवी. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. बाहेर ४४-४५ अंश असताना ही मोकळी जागा आणखी महत्त्वाची, कारण पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली असते. फ्रिजसारखाच याच्यावरही विणलेला रुमाल किंवा प्लास्टिकचं कव्हर घालायची सवय अनेक घरांत आहे. हवेच्या जाळ्या झाकल्या जाणार असतील तर ओव्हन चालू असताना ते काढलंच पाहिजे. गॅसच्या शेगडीला खेटून नको, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोरही नको.

नवा ओव्हन उघडल्यावर आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा एक राखाडी चौकोन असतो. पॅकिंगचा तुकडा समजून लोक तो ओढून काढतात. तो अभ्रकाचा पत्रा आहे. त्याच्या मागून लहरी आत येतात आणि अन्नाची वाफ-शिंतोडे यंत्रात जाऊ नयेत म्हणून तो बसवलेला असतो. त्याला हात लावायचा नाही, फक्त त्यावर उडालेलं तेल वेळोवेळी पुसायचं. तेल साचलं की तिथेच ठिणग्या पडू लागतात.

आणि रिकामा ओव्हन सुरू करून बघायचा नाही. लहरी शोषायला आत काहीच नसेल तर त्या परत फिरून लहरी तयार करणाऱ्या भागालाच तापवतात. घरात लहान मुलं बटणं दाबत असतील तर वापरून झाल्यावर प्लगचं बटण बंद ठेवावं.

आत घडतं काय?

ओव्हनचं हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आतली हवा एका ठरावीक सुरात घुमते. मॅग्नेट्रॉनमध्ये चुंबकाच्या प्रभावाखाली गोल फिरणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या पोकळ्यांवरून जाताना असंच काहीसं करतात, फक्त सूर ऐकू येणारा नसतो. तो रेडिओ लहरींचा असतो, सेकंदाला २४५ कोटी आवर्तनांचा. १९४० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी या पद्धतीचा शक्तिशाली मॅग्नेट्रॉन बनवला तो स्वयंपाकासाठी नव्हे, शत्रूची विमानं शोधणाऱ्या रडारसाठी. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे इंजिनिअर पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आलं की चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं राहिल्यावर खिशातलं चॉकलेट वितळतं. पुढे त्यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले, त्यांच्या लाह्या झाल्या. १९४७ च्या सुमाराला कंपनीने विकायला काढलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि साधारण ३४० किलो वजनाचा होता. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन यायला १९६७ उजाडलं.

पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. लहरीतलं विद्युतक्षेत्र दिशा बदलेल तसा रेणू त्या दिशेला वळू पाहतो. तो वळेपर्यंत दिशा पुन्हा बदललेली असते. या धडपडीत तो शेजारच्या रेणूंना ढकलतो आणि ती ढकलाढकली म्हणजेच उष्णता. ओव्हनची फ्रिक्वेन्सी पाण्याच्या खास सुराशी जुळवलेली असते, हे अनेक ठिकाणी लिहिलेलं वाक्य बरोबर नाही. तेवढी तंतोतंत जुळवली असती तर सगळ्या लहरी अन्नाच्या वरच्या थरातच संपल्या असत्या.

‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ हा दुसरा गैरसमज. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटर खोल जाता जाताच बऱ्याचशा संपतात. त्यापुढचा गाभा तापतो तो नेहमीसारखा, बाहेरच्या गरम भागाकडून हळूहळू. पण शेंगदाण्यासारखी लहान वस्तू दोन सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीची असते. ती एकदम सगळीच तापते आणि सालीवरची उष्णता हवेत निघून जाते, म्हणून दाणा बाहेरून कोरा आणि आतून करपलेला निघतो. गैरसमज तिथूनच आला असावा. दाणे भाजताना एकेका मिनिटाने हलवावे आणि थोडे कच्चे वाटत असतानाच बाहेर काढावे. ते बाहेरही काही वेळ भाजत राहतात.

पापडावर उमटणारी लहर

या लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. चारी बाजूंच्या पत्र्यावर आपटून त्या एकमेकींत मिसळतात आणि ओव्हनमध्ये काही जागी जोरदार, काही जागी अगदी मंद होतात. फिरणारी काचेची थाळी आहे ती यासाठी, म्हणजे अन्नाचा प्रत्येक भाग गरम जागेतून जाईल.

हे डोळ्यांनी बघता येतं. बाहेरच्या देशांत त्यासाठी चॉकलेट वापरतात. नागपूरच्या मे महिन्यात चॉकलेट ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळेल. उडदाचे कच्चे पापड त्याहून सोयीचे. फिरती थाळी आणि तिचं चाक काढून, मधल्या फिरत्या खुंटीला न लागेल अशी एखादी काचेची बशी पालथी घालावी. तिच्यावर दुसरी सपाट काचेची थाळी ठेवून त्यावर दोन-तीन पापड शेजारी शेजारी मांडावे आणि काही सेकंदच ओव्हन चालवून, समोर उभं राहून बघावं. पापड सगळीकडे सारखा फुलत नाही. ठिपक्याठिपक्यांनी फुलतो. शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर भरतं, म्हणजे लहरीच्या लांबीच्या अर्धं. त्याची दुप्पट करून २४५ कोटींनी गुणलं की प्रकाशाच्या वेगाच्या, सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या, बऱ्यापैकी जवळचा आकडा येतो. शाळेतल्या मुलासाठी सुट्टीतला याहून स्वस्त प्रयोग सापडणं कठीण.

ओव्हन खरंच किती तापवतो तेही मोजता येतं. माठातलं एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घ्यावं, तापमान बघावं, पूर्ण शक्तीवर दोन मिनिटं ठेवावं, लाकडी चमच्याने ढवळून पुन्हा तापमान बघावं. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणलं की वॅट मिळतात. २० अंश वाढले तर ७०० वॅट. (तापाचं थर्मामीटर इथे चालत नाही, स्वयंपाकाचं लागतं.) संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असताना हाच आकडा साध्या ओव्हनमध्ये कमी येतो. पाककृतीत लिहिलेली तीन मिनिटं आपल्या घरी चार का होतात, याचं उत्तर बहुतेक वेळा यात असतं.

ताट गरम करताना

डबा स्टीलचा असतो आणि स्टील लहरी परतवतं. झाकण लावलेला स्टीलचा डबा किंवा गंज आत ठेवला तर अन्न थंडच राहतं, आणि पत्र्याच्या कडा-कोपऱ्यांवर ठिणग्या पडू शकतात. सोनेरी काठाची बशी, चांदीचा वर्ख, अॅल्युमिनियमची फॉइल यांचंही तेच. मग ओव्हनच्या आतल्या भिंती धातूच्या कशा? त्या सलग आणि गुळगुळीत असतात, लहरी नुसत्या परत फिरतात. ठिणगी धारेवर आणि टोकावर पडते. कन्व्हेक्शनवर भांडं स्टीलचं चालतं कारण तेव्हा लहरी बंद असतात आणि नुसती गरम हवा फिरते. लहरी आणि गरम हवा एकत्र चालू असतील तेव्हा नाही.

जाड काच आणि साधी चिनी माती उत्तम. मेलामाइनच्या थाळ्या नकोत, त्या स्वतःच तापतात. हॉटेलमधून पार्सल आलेल्या पातळ प्लास्टिकच्या डब्यात सावजी रस्सा गरम करू नये. तेल पाण्याच्या १०० अंशांच्या पुढे तापतं आणि डबा मऊ पडतो. शिवाय तर्री उडते, त्यामुळे वर सैल झाकण हवंच.

भात ताटात ढीग करून न ठेवता मध्ये खळगा ठेवून कडेने पसरावा, पाण्याचा हबका मारावा, झाकावा, अर्ध्या वेळेला हलवावा. बाहेर काढल्यावर मिनिटभर तसाच राहू द्यावा म्हणजे गरम भागातली उष्णता थंड भागात जाते. पोळी मात्र दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, तीही किंचित ओल्या कापडात गुंडाळून. पोळीत पाणी मुळातच कमी. ते वाफ होऊन गेलं की ती निवताना वातड होते आणि मग तिचं काही करता येत नाही. भाकरीला तवाच बरा.

चहासाठी नुसतं पाणी गुळगुळीत कपात तापवताना ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळताना दिसत नाही. मग चमचा किंवा चहापत्ती पडताच एकदम उसळतं आणि हात भाजतो. आधीच एक लाकडी चमचा त्यात ठेवला की बुडबुडे तयार व्हायला जागा मिळते. अख्खं अंडं फुटतं, सोललेलं उकडलेलंसुद्धा. बाळाची दुधाची बाटली कधीच नाही: बाहेरून कोमट लागणाऱ्या बाटलीत मधला घोट पोळणारा असू शकतो. ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावी.

आता तो ओट्यावरचा भात

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवताना मरत नाहीत. भात थंड होऊन तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. भात कितीही वाफाळेपर्यंत गरम केला तरी ते तसंच राहतं आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. भाताला वास येत नाही, चवही बदललेली नसते, म्हणून दोष बहुतेक वेळा दुसऱ्याच पदार्थावर जातो.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेनुसार हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर ही मुदत एक तासच. विदर्भातला उन्हाळा या रेषेच्या कितीतरी वर असतो. दुपारी एकला शिजलेला भात रात्री साडेअकराला मायक्रोवेव्हमध्ये घालणं म्हणजे बिघडलेलं अन्न गरम करून खाणं. उपाय साधा आहे: उशिरा येणाऱ्याचा भात वेगळा काढून, पसरट डब्यात लवकर निववून, तासाच्या आत फ्रिजमध्ये. रात्री तोच डबा काचेच्या भांड्यात उलटायचा. उरलेलं वरण, भाजी, मटण गरम करताना मध्यभागीसुद्धा वाफ आली पाहिजे. मापायचं झालं तर ७४ अंश.

लहरींची भीती किती धरावी?

या लहरी रेडिओच्या जातीच्या आहेत, एक्स-रेच्या नाहीत. अणूंची मोडतोड करण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही, अन्नात त्या साठून राहत नाहीत आणि यंत्र बंद होताच संपतात. दाराच्या काचेतली जाळी नीट बघितली तर तिची भोकं मिलिमीटर-दीड मिलिमीटरची दिसतात. बारा सेंटिमीटरच्या लहरीला त्यातून वाट नाही. प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म, म्हणून आतलं दिसतं. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद करणारे एकाहून अधिक स्विच कुलपाशी असतात. तरीही अगदी थोडी गळती होतेच. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार ओव्हनच्या पूर्ण आयुष्यात ती ५ सेंटिमीटरवर, प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या पुढे जाता कामा नये, आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने कमी होते. ओव्हन चालू असताना वाय-फाय अडखळतं ते याच किंचित गळतीमुळे, कारण दोघांची फ्रिक्वेन्सी जवळजवळ एकच आहे.

जपायचं ते दार. ते वाकलं, बिजागरी ढिली झाली, कडेच्या पट्टीत खरकटं अडकून दार नीट बसेना, तर दुरुस्तीपर्यंत ओव्हन वापरायचा नाही.

दुरुस्ती मात्र घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने नाही. आतला कपॅसिटर काही हजार व्होल्टवर काम करतो आणि प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहू शकते. पंखा, मिक्सर, कूलर दुरुस्त करणारा प्रत्येक जण मायक्रोवेव्ह उघडायला पात्र असेलच असं नाही. त्याला आधी एकच विचारावं: कपॅसिटर कसा रिकामा करणार? तो थांबला, तर ओव्हन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावा.